माझ्यासमोर पी

सहा किलो म्हणजे किती, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझ्या कामाच्या पेटीत दोन-दोन किलोची पितळी वजनं असतात. तीन काढून टेबलावर ओळीनं मांडली की झाले सहा किलो. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, खरे निघाले की सील मारायचं, खोटे निघाले की दुकानदाराची कारणं ऐकायची, हे माझं नऊ वर्षांचं काम. त्यामुळे हॉस्पिटलातल्या फाइलवाल्या बाई "तुमचं वजन सहा किलोंनी जास्त आहे" असं म्हणाल्या, तेव्हा मी आधी त्यांच्या काट्यावरचं सील बघितलं. सील ताजं होतं.

"रक्त जुळतं, किडन्या उत्तम, साखर नाही, बीपी नाही," त्या म्हणाल्या. "अडलंय ते फक्त वजनावर. अठ्ठ्याऐंशीला आमचे सर्जन हात लावणार नाहीत. ब्याऐंशी करा. दहा आठवड्यांनी शेवटच्या तपासण्या. त्या नीट आल्या की ऑपरेशनची तारीख."

"आणि नाही झालं तर?"

त्यांनी फाइल मिटली. "मग दुसरा दाता बघावा लागेल."

दुसरा दाता होता कुठे! बाबा नाहीत. आईचं वय आणि रक्तदाब दोन्ही नियमाच्या बाहेर. उरले मी आणि माझी डावी किडनी.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला सगळे धाकटाच म्हणतात. शाळेची बस चालवायचा. मुलांना हाका मारून, गाणी म्हणून चढवायचा, उतरवायचा. दीड वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, चार-चार तास तो मशीनला जोडलेला असतो. बस गेली, पोहणं गेलं, आणि पाणीही गेलं. दिवसाला एक लिटर. त्यात चहा आला, सूप आलं, गोळ्या गिळायचं पाणी आलं. तहान लागली की तो बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसतो. बर्फाच्या ट्रेमधला एक खडा म्हणजे पंधरा मिलिलिटर. मीच मोजून दिलंय.

"सहा किलो?" घरी येऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला. "एवढंच? तुझा एक गाल उतरवला तरी भागेल."

"गप रे. तुझ्यासाठीच करतेय."

"म्हणून तर गालापासून सुरुवात कर म्हटलं. किडनीला हात नको लावूस."

मुलगी झाल्यावर चढलेलं हे वजन. ती आता चार वर्षांची आहे. बारीक, काळीसावळी, सतत कुठेतरी निघालेली, म्हणून तिला मुंगी म्हणतो. मुंगी मोठी झाली, वजन मात्र आहे तिथेच राहिलं. चार वर्षांत मी ते कमी करायला किती वेळा सुरुवात केली असेल, विचारू नका. सुरुवात करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्यात नवरा बेकरीत पावाच्या भट्टीवर. पहाटे जातो आणि सकाळी नऊला गरम पाव काखेत मारून घरी येतो. आपलं वजन उतरावं म्हणून अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तो बिचारा स्वतः काडीसारखा.

रसाचं खूळ आणलं ते ऑफिसातल्या सीलवालीनं. मी काटा तपासते, ती शिशाचं सील दाबते. आठ वर्षांची आमची जोडी.

"जेवण कमी करून काही होत नसतं," ती म्हणाली. "तुझं मेटाबॉलिझम झोपलंय. ते पेटवायला हवं. माझ्या मावसबहिणीनं सकाळी उपाशीपोटी भाज्यांचा रस घेतला. मूठभर पालक, अर्धं बीट, काकडी, लिंबू. अकरा किलो गेले!"

"कुठे गेले?"

"मला काय माहीत कुठे गेले. गेले!"

मूठभर म्हणजे किती? सीलवालीची मूठ लहान, माझी मोठी. मी असल्या मापावर कधी विश्वास ठेवलेला नाही. घरचा काटा मी माझ्या पितळी वजनांनी तपासला आणि प्रमाण ठरवलं. पालक दोनशे ग्रॅम, बीट शंभर, काकडी एक, लिंबू अर्धं. पाणी न घालता रस काढून गाळायचा. रस काढायचं मशीन आईकडे होतं, आणि आई-धाकटा तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. म्हणून रोज सकाळी सहाला मी खाली.

आईनं हौसेनं हातात घेतलं. पालक निवडायला बसली की एक पान वाया घालवायची नाही. गाळलेला चोथा बघून तिचा जीव तुटायचा. शेवटी तो माझ्या नवऱ्यानं नेला आणि पिठात मळला. आठवडाभर आमच्या घरात गुलाबी पाव होता. मुंगीनं तो बाहुलीलाही भरवला.

पहिल्या दिवशी मी खालीच, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ग्लास तोंडाला लावला. चव सांगत नाही. डबक्यात बीट बुडवलं तर जी येईल ती. अर्ध्यावर आले तर समोर धाकटा उभा. तोंडात बर्फाचा खडा. तो माझ्याकडे बघत नव्हता, ग्लासकडे बघत होता. माझ्या घशाकडे बघत होता. मी गिळलं की त्याचा घसा हलायचा.

"ताई," तो म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस. माझ्यासमोर पिऊ नकोस."

तेव्हापासून मी रस घेऊन जिन्यात जायची. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर, मीटरच्या पेट्यांशेजारी उभी राहून घटाघट प्यायची. वरच्या मजल्यावरचे शिकवणीचे मास्तर रोज त्याच वेळी खाली उतरायचे. पहिले काही दिवस "नमस्कार" म्हणाले. मग मान खाली घालून जायला लागले. माझे दात लाल, ओठांवर हिरवी मिशी. बायकोला त्यांनी काय सांगितलं असेल ते असो.

पहिल्या आठवड्यात वजन शहाऐंशी किलो दोनशे. दुसऱ्यात पंच्याऐंशी चारशे. मी हवेत. सीलवालीला मिठीच मारली. तिसऱ्या दिवशी संडासात लाल दिसल्यावर घाबरले होते, पण ते बीट होतं. सीलवालीनं सांगितलं, "होतं तसं, शरीर धुऊन निघतंय."

आणि मग काटा अडला.

तिसरा आठवडा, पंच्याऐंशी चारशे. चौथा आठवडा, पंच्याऐंशी चारशे. मी घरचा काटा पुन्हा तपासला. बाथरूमच्या फरशीवरून उचलून दिवाणखान्यात ठेवला. एका पायावर उभी राहिले. केस धुवायच्या आधी, केस वाळल्यावर. पालथ्या घड्यावर पाणी. खोटं बोलणाऱ्या काट्याला मी नऊ वर्षांत शेकडो वेळा पकडलंय. पण खरं बोलणाऱ्या काट्याचं करायचं काय, हे कुणी शिकवलेलं नाही.

चिडचिड इतकी की घरात माणसं माझ्याभोवती चवड्यांवर चालायला लागली. नवऱ्यानं नुसतं "आज पाव नाही आणला" म्हटलं तरी मी म्हणायची, "म्हणजे मी खाते म्हणून?" आणला तर, "म्हणजे मी खाऊ नये असं वाटतच नाही तुला!" तो मुकाट्यानं पाव घेऊन शेजाऱ्यांकडे जायचा. एकदा मुंगीनं खेळातल्या तराजूत एका पारड्यात बाहुली आणि दुसऱ्यात माझी चप्पल ठेवली, आणि म्हणाली, "आई जड." मी तराजू फेकला. तो तुटला नाही. मुंगी पण रडली नाही. तिनं तो उचलून आणला, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तू पण बस ना यात." तिला जवळ घेऊन मीच रडले. तिच्या केसांना पावाचा वास येत होता. भुकेनं माझ्या तोंडाला पाणी सुटलं, याची लाज अजून वाटते.

पाचव्या आठवड्यात मी हिशेब मांडला. दोनशे ग्रॅम पालकानं दोन किलो सहाशे गेले. म्हणजे प्रमाण कमी पडतंय. पालक चारशे. दुपारचं जेवण बंद, त्याऐवजी पुन्हा रस, पुन्हा चारशे. बीट दुप्पट. आई म्हणाली, "अगं, अति तिथे माती." मी म्हणाले, "भाजीच आहे आई, विष नाही."

वजन उतरायला लागलं. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी सहाशे. कंबर दुखायची, मी म्हटलं, पितळी वजनांची पेटी उचलते, दुखणारच. थकवा यायचा, मी म्हटलं, मेटाबॉलिझम पेटलंय, जाळतंय ते मलाच. लघवीला कमी व्हायचं, आणि अंगाला जडपणा यायचा. ते मी कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायला वेळ कुणाकडे होता?

आठव्या आठवड्यात मासळीच्या दुकानात काटा तपासत होते. काटा तपासताना वजन नुसतं मधोमध ठेवून चालत नाही. चारही कोपऱ्यांत ठेवून बघायचं असतं. मधोमध साव असणारा काटा कोपऱ्यात चोर निघू शकतो. हे आमच्या कामातलं पहिलं शहाणपण. मी पाच किलोचं वजन मधे ठेवलं. आकडा बरोबर आला. पहिल्या कोपऱ्यात सरकवलं, आणि दुकान गोल फिरलं. मासळीवाल्यानं स्टूल पुढे केलं.

"बसा मॅडम. काटा स्थिर आहे, तुम्हीच हलताय."

"मला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "सील मार गं."

सीलवालीनं माझ्याकडे बघितलं. "तीन कोपरे राहिलेत."

"मार म्हटलं ना!"

तिनं सील मारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी कोपरे सोडले. रात्रभर ते डोक्यात टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना आधी त्या दुकानात गेले, सील तोडलं, चारही कोपरे पाहिले, नवं सील दाबायला लावलं. काटा खरा होता. मासळीवाला म्हणाला, "एका रात्रीत माझ्यावरचा विश्वास उडाला होय?" मी म्हणाले, "तुमच्यावरचा नाही."

दहा आठवडे भरले त्या सकाळी वजन एक्क्याऐंशी किलो सातशे. मी जिन्यातून ओरडत खाली गेले. धाकट्यानं मला उचलायचा प्रयत्न केला आणि लगेच भिंतीला टेकला. "नाही जमत," तो धापा टाकत हसला, "अजून गालाचं वजन आहे." आई डोळे पुसत होती. हॉस्पिटलात फाइलवाल्या बाईंनी काट्यावरचा आकडा बघून चक्क टाळी दिली. मग रक्त घेतलं, लघवी घेतली. चार दिवसांनी बोलावलं.

चार दिवसांनी डॉक्टरीण बाईंसमोर मी एकटी बसले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"तुमचं क्रिएटिनिन पहिल्या वेळी शून्य पॉइंट आठ होतं. आता एक पॉइंट सात आहे."

हा आकडा मला माहीत होता. धाकट्याच्या कागदांवर दीड वर्ष वाचत आलेय. किडनीचं काम अडलं की तो चढतो.

"कागद बदलला असेल," मी म्हणाले. "हा माझ्या भावाचा—"

"तुमच्या भावाचं सात आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे तुमचंच. लघवीत स्फटिकही आहेत. काही औषधं घेता? वेदनाशामक? गावठी काढे?"

"काही नाही. फॉर्मवर लिहिलंय मी."

"खाता काय?"

मी अभिमानानं सांगितलं. खरंच, अभिमानानं. मला वाटलं त्या म्हणतील, किती शिस्त आहे हो तुमच्यात. "सकाळी पालक चारशे ग्रॅम, बीट दोनशे. दुपारी पुन्हा तेवढंच. कच्चा, गाळलेला, पाण्याचा थेंब न घालता."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रोज आठशे ग्रॅम कच्चा पालक?"

"आठशे. मी मोजून घेते."

"किती आठवडे?"

"आठशे पाच आठवडे. त्याआधी दोनशे. रसामुळे पाणी फारसं लागत नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मुलांना समजावतात तसं सांगितलं. पालकात आणि बीटात ऑक्सलेट नावाचं एक द्रव्य असतं. ताटातल्या भाजीएवढं शरीर सहज निभावतं. पण एवढा पालक कुणी चावून खाऊ शकत नाही, म्हणून कुणाला बाधत नाही. रस काढला की पिऊ शकतो. वर जेवण सोडलं, पाणी कमी प्यायलं. मग ते ऑक्सलेट किडनीत बारीक काचेसारखं साचतं.

"पण वजन तर उतरलं ना! मेटाबॉलिझम—"

"रस काही पेटवत नसतो हो. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून वजन उतरलं. पहिल्या आठवड्यात गेलं ते बरंचसं पाणी. आणि पोट भरणारा जो भाग होता, चोथा, तो तुम्ही गाळून टाकलात."

"टाकला नाही," मी म्हणाले. "नवऱ्यानं पावात घातला."

का कुणास ठाऊक, तेवढीच एक गोष्ट आम्ही बरोबर केली असं मला सांगावंसं वाटलं.

"मग तुमच्या घरात सगळ्यात चांगलं जेवला तो पाव खाणारा," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "रस आजपासून बंद. तीन वेळा साधं, थोडं जेवण. दिवसाला तीन लिटर पाणी. बहुतेक किडन्या सावरतील, खात्री देत नाही. चार आठवड्यांनी बघू, मग आणखी चार आठवड्यांनी. तोवर ऑपरेशनचं नाव नाही."

"आणि नाही सावरल्या तर?"

"तर तुमच्या तुम्हालाच लागतील."

मधोमध वजन ठेवलं होतं, आकडा बरोबर आला होता. मी घरी चालतच गेले. बस धाकटा जिथे नोकरीला होता त्या शाळेवरून जाते.

तळमजल्यावर तो दारातच उभा होता. मशीनचा दिवस नव्हता, चेहऱ्यावर रंग होता. "तारीख काय दिली?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. पालक, बीट, काच, एक पॉइंट सात, सगळं एका दमात, चप्पल पायात असतानाच. आईनं हातातलं फडकं तोंडावर दाबलं.

धाकटा दारातून वळला. स्वयंपाकघरात गेला. रस काढायचं मशीन उचललं, दार उघडलं, आणि जिन्याखालच्या अडगळीत ते इतक्या जोरात ठेवलं की वर मीटरच्या पेट्या वाजल्या. मी त्याला असं चिडलेलं बसचे ब्रेक फेल झाले त्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"दहा आठवडे!" तो ओरडला. "दहा आठवडे जिन्यात उभी राहून प्यायलीस! मला विचारायचंस ना एकदा! पालकाचं नाव माझ्या न खायच्या यादीत लाल पेनानं लिहिलंय ताई, फ्रिजवर! दीड वर्ष लटकलंय ते तिथे!"

मी फ्रिजकडे बघितलं. यादी होती. पालक, बीट, टोमॅटो, केळी. ती मी शंभर वेळा वाचली होती. ती त्याची यादी होती. आजाऱ्याची. माझ्या किडन्या धडधाकट होत्या.

"तूच म्हणालास, माझ्यासमोर पिऊ नकोस," मी म्हणाले. हे बोलायला नको होतं.

तो एकदम थांबला. खुर्चीत बसला.

"हो," तो म्हणाला. "म्हणालो खरा."

तो आठवडा मी कुणाशी नीट बोलले नाही. सीलवालीनं तिच्या मावसबहिणीला फोन केला, तर कळलं की तिचे अकरातले नऊ किलो परत आलेत. "मला सांगायला नको का तिनं?" सीलवाली रडकुंडीला आली. मी तिच्यावर रागावू शकले नाही, याचाच मला राग आला. माझं वजन एका आठवड्यात दीड किलो वाढलं. जेवण सुरू झालं ना. काटा रोज सकाळी मला खरंखरं सांगायचा. आणि तीन लिटर पाणी! कामावर पाणी प्यायचं म्हणजे दुकानदारांकडे संडास विचारायचा. मी दीड लिटरवर थांबायची आणि घरी खोटं सांगायची.

रविवारी सकाळी धाकट्याचा वरच्या मजल्यावर निरोप आला. मुंगीच घेऊन आली. "मामा म्हणतो, आईला खाली आण. पळाली तर धर."

खाली स्वयंपाकघराच्या टेबलावर काचेचा जग होता. शेजारी माझा ग्लास. जगावर त्यानं पेनानं रेघा मारल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेसमोर वेळ. स्वतःसाठी एका वाटीत बर्फाचे तीन खडे.

"किती पितेस रोज?" त्यानं विचारलं.

"तीन लिटर."

"ताई."

"...दीड."

"हं. बस."

मी बसले. मुंगी टेबलाखालून येऊन माझ्या मांडीवर चढली. धाकट्यानं जगातून ग्लास भरला. पाणी भरताना त्याची नजर ग्लासवरून हलली नाही. काठोकाठ भरून तो माझ्यापुढे सरकवला आणि समोरची खुर्ची ओढून बसला. वाटीतला एक खडा त्यानं तोंडात टाकला.

"आजपासून रोज," तो म्हणाला, "सकाळचा आणि संध्याकाळचा इथे. कामावरचा सीलवाली बघेल, मी तिला फोन केलाय. जिन्यात जायचं नाही. माझ्यासमोर पी."

"तुला त्रास होईल रे."

"होईल," तो म्हणाला. "पी."

मी प्यायले. तो माझ्या घशाकडे बघत होता. मी गिळलं की त्याचा घसा हलत होता. गालात बर्फाचा खडा या बाजूचा त्या बाजूला जात होता. मधेच मला पाणी जाईना, तेव्हा मुंगीनं ग्लासला खालून हात लावला.

चार आठवड्यांनी आकडा एक पॉइंट दोन आला. वजन त्र्याऐंशी चारशे. डॉक्टरीण बाई "बरं चाललंय" एवढंच म्हणाल्या आणि फाइलवाल्या बाईंनी तारखेचा विषयही काढला नाही. आणखी चार आठवडे. मी वैतागून बाहेर आले. एकही आकडा धड माझ्या बाजूला नाही. धाकटा त्या दिवशी मशीनवर होता. खिडकीजवळच्या पलंगावर, नळ्या जोडलेल्या. मी कागद त्याच्यापुढे धरला.

त्यानं तो वाचला. मग मोकळ्या हातानं माझ्या पिशवीत चाचपडून पाण्याची बाटली काढली, उजेडात धरून तिच्यावरही त्यानं मारलेली रेघ बघितली. पाणी फारसं उतरलं नव्हतं.

"अकराची रेघ," तो म्हणाला. "साडेअकरा वाजलेत."